आई, बाबांना चालू दे

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काल फोनवर तू अभिमानाने सांगितलंस, "मी त्यांना पलंगावरून खाली उतरूच देत नाही." हे आजपासून बंद. बायपासनंतर माणूस झोपून राहिला की पायांतलं बळ जातं, छातीत कफ साठतो, रक्ताच्या गुठळ्यांची भीती वाढते. पूर्वी हार्ट अटॅकच्या पेशंटला महिना-दीड महिना अंथरुणावरच ठेवायचे. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी असे पेशंट खुर्चीत बसवले, त्यांना बरं वाटू लागलं, आणि तेव्हापासून विचार बदलत गेला. आपल्या घरात तो अजून पोचायचाय.

बाबा, सकाळ-संध्याकाळ सपाटीवर पाच-सात मिनिटं चाला, झेपेल तसं वाढवत न्या. जेवल्याजेवल्या नको. मोबाइलवर नाडी बघत बसू नका, मेटोप्रोलॉलच्या गोळीमुळे ती तशीही हळूच चालते. चालता चालता आईशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. छातीत दाब, चक्कर किंवा घाम आला तर तिथेच बसा.

छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलंय. ते जुळायला आठ ते बारा आठवडे जातात. तोवर पाण्याची बादली, स्कूटर आणि चिंटूला उचलणं, तिन्ही बंद. (चिंटूला मी समजावते, तुम्हाला कोण समजावणार?) खुर्चीतून उठताना हातांवर जोर देऊ नका. आधी कडेला सरका, पावलं मागे घ्या, हात छातीवर ठेवा आणि मांड्यांच्या बळावर उठा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र फुंकायचं नसतं, श्वास सावकाश आत ओढायचा असतो. आमच्या वॉर्डात निम्मे लोक पहिल्या दिवशी शंख फुंकल्यासारखे फुंकतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून आमच्यावर चिडतात.

बायपाससाठी शीर काढलेला पाय सुजेल, बसताना तो स्टुलावर ठेवा. जखम लाल, गरम झाली, पू आला, ताप आला किंवा छातीचं हाड कटकट वाजल्यासारखं वाटलं, तर माझ्या फोनची वाट न बघता हॉस्पिटलला कळवा.

अ‍ॅस्पिरिनने पित्त होतं म्हणून ती बंद करायचा सल्ला शेजारच्या काकांनी दिलाय म्हणे. काकांना चहा द्या, सल्ला घेऊ नका. गोळी जेवणानंतर घ्या. पित्त झालंच तर डॉक्टरांना विचारू, पण आपल्या मनाने एकही गोळी सोडायची नाही.

आई, बाबा संध्याकाळी गप्प बसतात, उगाच डोळे भरून येतात, असं तू हळूच सांगितलंस. ऑपरेशननंतर असं पुष्कळांना होतं, बाबांसारख्या कडक माणसांनाही. "काही नाही हो" म्हणून उडवून लावू नकोस, त्यांना बोलू दे. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

लोणचं-पापड बरणीतच राहू देत. आणि तूही दुपारी जरा आडवी होत जा, रात्रभर त्यांचा श्वास मोजत जागी असतेस ते मला माहीत आहे.

शनिवारी येतेय. डिस्चार्जची फाइल आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, टेबलावर काढून ठेवा.

तुमची,
सुमी