परसात जायची वाट कुठून?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला "रो हाउस की स्वतंत्र बंगला" हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं ही जाहिरात आहे आणि वर तसं छापायचं तुमच्याकडून राहून गेलंय. लेखकाला रो हाउसच्या मागची बाग फारच आवडलेली दिसते. आटोपशीर, खाजगी आणि देखभालीला सोपी, असं लिहिलंय. आटोपशीर आहे हे मान्य. बाकीच्या दोन गोष्टींसाठी हे पत्र.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात सहा घरांच्या रांगेत राहतो, त्यातही मधल्या घरात. मधलं घर लेखकाने कुठेच विचारात घेतलेलं नाही. कडेच्या घरांना निदान एका बाजूने चिंचोळी वाट तरी असते, आमच्याकडे एका कडेच्याने तिथे पपई आणि शेवगा लावलाय, दुसरा तर स्कूटर मागे नेऊन ठेवतो. मधल्यांना मात्र परसात जायचं तर पुढचं दार, हॉल, जेवणाचं टेबल, किचन आणि मग मागचं दार, दुसरा रस्ताच नाही. लेखात मागच्या जागेची लांबी-रुंदी दिली आहे, फुलझाडांची यादी दिली आहे, कुंड्या कुठल्या रंगाच्या घ्याव्या तेही आहे, पण त्या बागेत माती कुठून न्यायची ते नाही.

आम्ही कशी नेली ते सांगतो. बिल्डरने मागे लॉन लावून दिलं होतं, फोटोत छान दिसतं. पहिल्या पावसानंतर ते पिवळं पडलं, मोगरा मेला, मग कुदळ मारून बघितलं तर वर चार बोटं तांबडी माती आणि खाली सगळे चिऱ्यांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, टाइल्स, एक अख्खं चप्पल. म्हणून हे सगळं काढून नवीन माती भरायची ठरवली. पिकअपवाल्याने माती गेटसमोर ओतली आणि तो गेला. पुढचं काम घमेल्याने, हॉलमधून. सोफे भिंतीला लावले, जुन्या चादरी घातल्या, त्यावर तुमचीच रद्दी अंथरली, आणि दोन कामगार येताना माती आणि जाताना कचरा असे दिवसभर टीव्हीसमोरून फिरत राहिले. आई कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत बसली होती, शेवटी म्हणाली, "आमच्याकडे म्हैस पण बाजूने जायची रे." काय उत्तर देणार?

आणि त्याच खोदकामात कुदळ खणकन लागली ती चेंबरच्या झाकणावर. सहाही घरांची ड्रेनेजची लाइन सगळ्यांच्या परसांखालून जाते आणि सोक पिटच्या, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याच्या, आधीचा मोठा चेंबर नेमका आमच्या बागेत, वर लॉन टाकून झाकलेला. आता जुलैमध्ये लाइन तुंबली की प्लंबर, त्याचा पोरगा, त्यांची काठी, पाइप, आणि मागून "काय झालं, काय झालं" करत चार शेजारी, सगळी वरात आमच्या हॉलमधून. ही ती खाजगी बाग. यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं तर सेक्रेटरी म्हणाले, अहो जमीन सगळ्यांची आहे, तुम्हाला फक्त वापरायला दिलीय. सेल डीड काढून बघितलं तर बरोबरच निघालं, घर माझ्या नावावर आणि खालच्या प्लॉटमध्ये अविभाजित हिस्सा. बऱ्याच ठिकाणी असंच असतं. अशा बागेत विहीर सोडाच, माडसुद्धा लावायचा तर पाच जणांचं तोंड बघावं लागेल. देखभालीला सोपी म्हणतात ती हीच असावी, करण्यासारखं काही उरतच नाही.

आणखी एक गंमत म्हणजे लेखकाने घराच्या चौरस मीटरमध्ये गच्ची, व्हरांडा, मागची बाग सगळं मिळवून रो हाउस बंगल्याच्या बरोबरीला आणून ठेवलंय. 2016 च्या रेरा या घरबांधणीच्या कायद्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची, व्याख्या आहे, त्यात खास तुमच्यासाठीचा व्हरांडा किंवा उघडी गच्चीसुद्धा धरत नाहीत. बिल्डरने केलं तर समजू शकतो, त्याला विकायचं आहे. पुरवणीला काय विकायचं होतं?

स्वतंत्र घराची भलामण करायला बसलोय असं समजू नका. माझा थोरला भाऊ गावातल्या जुन्या घरात राहतो, चारही बाजूंनी मोकळं, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, अंगणात तुळस, मागे पाच-सात माड, फणस, भिरंडं म्हणजे कोकमं. त्याला विचारा. नारळ काढणारा पाडेली वेळेवर मिळत नाही, मिळाला तर झाडामागे मजुरी आणि वर नारळ. पावसाळ्यात रान गुडघ्यापर्यंत वाढतं, पायऱ्यांना शेवाळ धरतं, दिवाळीत अंगण करायचं म्हणजे माणसं शोधण्यापासून तयारी. वहिनीची कंबर तो पालापाचोळा झाडून गेली. मी चहाला गेलो की भाऊ माझी चेष्टा करतो, तुझं परसू झाडून होईपर्यंत चहा निवत पण नसेल. पण त्याच वहिनीची सोलं, म्हणजे कोकमाची सालं, मे महिन्यात अंगणात खडखडीत वाळतात, आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मागे कंपाउंड असल्यामुळे परसात ऊन येतं दोन तास, तेही एका कोपऱ्यात. उरलेला दिवस सावली. सोलं गच्चीवर घातली तर शेजारच्या गच्चीवरची मांजर त्यावर येऊन झोपते, मधे भिंत फक्त कमरेएवढी.

पावसाचं तर बोलायलाच नको. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उजवीकडच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या अख्ख्या परसावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातलाय, उतार आमच्याकडे. त्यांची बाग आता वॉशिंग मशीनची खोली झाली आणि त्यांच्या वाटणीचा पाऊस आमच्या मोगऱ्यावर. सांगितलं तर म्हणाले, तुम्ही पण घाला ना. उद्या सहाही घरं घालतील, आणि मग तुमचा लेखक आटोपशीर बागेवर लिहायला येईल तेव्हा त्याला पत्रे मोजावे लागतील.

"निवड आपल्या हाती" असं लेखाच्या शेवटी लिहिलंय, त्याने डोकं जास्त फिरलं. कोणाच्या हाती? वडिलार्जित घराच्या एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, डझनभर नावं, त्यातली काही मुंबईत, काही पोर्तुगालला, एक हयात नाही आणि त्याचे वारस कोण यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचं कोर्टातलं काम, चालू. वेगळा प्लॉट घ्यायचा तर आधी किंमत ऐकूनच माणूस खाली बसतो, मग जमीन बिगरशेती केल्याची सनद, नगर नियोजनची मान्यता, पंचायतीचा बांधकाम परवाना. मला बंगला नको होता म्हणून मी रो हाउस घेतलं असं त्या लेखकाला वाटतं की काय? 1975 च्या मुंडकार कायद्याने पंचायत भागातल्या मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराभोवतालची जमीनसुद्धा घराचाच भाग धरली, घर धरून 300 चौरस मीटरचा हिशेब ठेवला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्या गरीब माणसाला चार बाजू लागतात हे तेव्हा कळत होतं. आता कर्ज काढून घर घेणाऱ्याला पुढची आणि मागची मिळाली तरी बाग म्हणून मिरवायची.

पुरवणीत पुन्हा हा विषय घेणार असाल तर फोटो मधल्या घराचा काढा, आणि फोटोग्राफरला सांगा हॉलमधून येताना चपला बाहेर काढ. घर घेणाऱ्यांना उपयोगी पडेल असं काही छापायचंच असेल तर एवढं छापा, की बुकिंगच्या आधी ड्रेनेजचा नकाशा मागून घ्या आणि चेंबर कुणाच्या परसात येतो ते बघा. कडेचं घर थोडं महाग पडतं, तरी झेपत असेल तर तेच घ्या. पत्रा घालायला बंदी आहे का तेही आधीच लेखी घ्या.

आपला एक जुना वाचक,
फोंडा तालुका

(नाव छापू नये, सेक्रेटरी पण तुमचाच पेपर घेतात.)

ता. क. पंचांगाची चौकट हल्ली इतकी बारीक छापता की आईला भिंगातूनही दिसत नाही. एकादशी कधी ते मला मोबाइलवर बघून सांगावं लागतं, मग पेपर कशाला घ्यायचा? रो हाउसच्या लेखाला मात्र पानभर जागा होती.