जवारीचे पैसे कोण देणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कलेच्या ओढीने काम करावे की चार पैसे मिळावेत म्हणून, हा वाद आपल्याकडे गायक, नट, चित्रकार, लेखक यांच्यापुरताच चालतो. रात्री उशिरा निवांतपणी त्यावर विचार करू लागले की तो फार लवकर मोठ्या शब्दांत शिरतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून एकच वस्तू समोर ठेवून हे पत्र लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे मिरजेचा तंबोरा. ओढ आणि नफा यांची वाट नेमकी कुठे वेगळी होते, ते या वाद्यात बोट ठेवून दाखवता येते.

तंबोऱ्याच्या कामाचे दोन भाग पडतात. एक डोळ्यांना दिसणारा आणि दुसरा फक्त कानाला कळणारा. दिसणाऱ्या भागात कष्ट थोडे नाहीत. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारा कडू भोपळा वेलीवरच पुरता जून व्हावा लागतो आणि नंतर कित्येक महिने वाळावा लागतो. तो कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आत काड्यांचा आधार देऊन त्याला गोलाई आणायची आणि परत वाळवायचा. दांडीसाठी तुणीचे मुरलेले लाकूड घ्यायचे. ती आतून पोकळ कोरायची, गळ्याशी जोडायची, वर तबली म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणारी पातळ फळी बसवायची, सांध्यावर कोरीव पाने लावायची, खुंट्या बसवायच्या, लाखेचे पॉलिश हाताने थरावर थर चढवायचे. भोपळा अर्धवट वाळलेला असेल तर वर्षभरात आकसतो आणि सांधा उघडतो. ओले लाकूड वापरले तर दांडी पिळवटते. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात तिच्याखाली) खचते. तरीही या साऱ्या कामाचा मोबदला कमी-जास्त का होईना मिळतो, कारण गिऱ्हाईक ते पाहू शकते. नक्षी दिसते, चकाकी दिसते, भोपळ्याचा आकार दिसतो.

दुसरा भाग जवारीचा, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडीचा माथा घासून लावण्याचा. चारही तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा इंच-दीड इंच रुंद असतो. तो वरवर सपाट वाटतो, पण दांडीच्या बाजूला अगदी सौम्य उतरता असतो. तार छेडली की ती या उतारावर घासत, टेकत-सुटत कंप पावते आणि त्यातून स्वराच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात. खर्जाच्या (सर्वांत खालच्या सुराच्या) तारेतून न लावलेला गंधार (ग) ऐकू येतो तो यामुळेच. हा उतार केसभर बदलला की सगळे बदलते. माथा जास्त सपाट राहिला तर आवाज पत्र्यासारखा झणझणतो आणि लगेच विरतो. उतार जास्त झाला तर आवाज बंद होतो, वाद्यात जणू जीवच राहत नाही.

हे काम कसे चालते ते सविस्तर सांगतो, कारण बिलात न दिसणारी मेहनत म्हणजे काय ते त्याशिवाय पटणार नाही. आधी घोडीचे पाय तबलीवर पूर्ण टेकले आहेत की नाही ते पाहायचे. एक पाय जरा जरी अधांतरी असला तर वर कितीही कानस मारा, आवाज लागत नाही. मग तारा तपासायच्या. गंजलेली तार खोटा आवाज देते, ती आधी बदलावी लागते. तारा सैल करून बाजूला घेतल्या की घोडीवर त्यांनी पाडलेले चर दिसतात. बारीक कानशीने, तारेच्या दिशेने, हलक्या हाताने ते चर काढायचे, पुढचा उतार राखायचा, बारीक पॉलिश कागद फिरवायचा आणि भुकटी पूर्ण झाडून काढायची. मग तार चढवायची, गायकाच्या पट्टीला (तो ज्या उंचीच्या सुरात गातो तिला) आणायची आणि आधी दोऱ्याशिवाय ऐकायची. नंतर तारेखाली सुताचा दोरा घालून तो पुढे-मागे सरकवत जवारी कुठे खुलते ते शोधायचे. खुलण्याची जागा अगदीच निमुळती असेल, किंवा जाड दोऱ्याशिवाय तार बोलतच नसेल, तर उतारात दोष आहे. तार परत सैल करायची आणि परत कानस हातात घ्यायची.

असे चारही तारांचे करावे लागते. जोडीच्या दोन पोलादी तारा एकसारख्याच बोलल्या पाहिजेत. खर्जाची पितळी तार जाड, तिचा झोका मोठा, तिच्याखालचा उतार वेगळा. पहिली तार पंचमाला लागते, पण मालकंस रागासाठी ती मध्यमावर आणि मारवा रागासाठी निषादावर येते, तेव्हा तिथेही तिने बोलले पाहिजे. काळी एक या पट्टीसाठी लावलेली जवारी त्याच तारांवर काळी दोनला तशीच राहत नाही, कारण ताण बदलतो. एका तारेखाली कानस जास्त बसली तर काढलेले परत लावता येत नाही. मग बाकीच्या तिन्ही तारांखालचा माथाही त्या पातळीला आणावा लागतो. असे दोन-तीनदा झाले की घोडीच बदलावी लागते आणि नव्या घोडीची जवारी पहिल्यापासून सुरू होते.

एवढ्या कामाला अर्धा दिवस सहज जातो आणि शांतता लागते. भर बाजारातल्या दुकानात दिवसा ती मिळत नाही, म्हणून हे काम पुष्कळदा रात्रीवर जाते.

आता हिशेब मांडू. एखाद्या कारखान्यातून महिन्याला आठ तंबोरे बाहेर पडतात असे धरा. प्रत्येकी अर्धा दिवस म्हणजे चार दिवस जवारीला गेले. नवे वाद्य काही महिन्यांत जरा बसते, तबली किंचित दबते, घोडीवर चर पडतात. त्यामुळे आठांतले निम्मे जरी परत दाखवायला आले, तरी आणखी दोन दिवस गेले. महिन्यातले सहा दिवस, तेही घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाचे, आणि बिलात त्यांची एकही ओळ नाही. जवारी ‘किमतीतच धरलेली’ असते आणि परत आलेल्या वाद्याची जवारी ‘ओळखीखातर’ होते. किमतीत घासाघीस झाली की नक्षी कमी करता येत नाही, ती दिसते. कमी होतो तो न दिसणारा अर्धा दिवस.

नफ्याची ओढ एवढ्यावर थांबत नाही. दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटे तार छेडते आणि मोठा, झणझणीत आवाज त्याला लगेच आवडतो. म्हणून विक्रीच्या तंबोऱ्याची जवारी जास्त खुली, म्हणजे माथा जास्त सपाट, ठेवण्याचा मोह होतो. खुली जवारी लवकर झिजते. गवयाला दोन तास मागे हवा असतो तो भरीव, गोल आवाज त्यात नसतो. पण तोवर विक्री झालेली असते. हा दोष एकट्या कारागिराच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ऐकायला वेळ न देणारे गिऱ्हाईक आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणारी संस्था, दोघांचाही त्यात वाटा आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, ‘कारागीर हा साधक आहे, त्याने पैशाकडे पाहू नये.’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. मिरजेतला हा व्यवसाय मुळात पोटासाठीच उभा राहिला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम इंग्रजी अंमलात सुटत गेले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारखे कसबी लोक वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे सतार-तंबोरे घडवण्याकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला म्हणून ते तगले. पोटासाठी हातात घेतलेल्या कामावर त्यांचे प्रेम जडले आणि कान तयार झाले. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची जाण होती. असा जाणकार गवय्या आणि कारागीर समोरासमोर बसतात तेव्हा जवारी सुधारते. म्हणजे हे प्रेम मोबदल्याच्या आणि जाणकारीच्या आधाराने वाढलेले आहे, उपासमारीने नव्हे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बाजाराने या कारागिरांना नुसते बिघडवले असे नाही. प्रवासात भोपळा फुटतो, विमानात मोठा तंबोरा नेता येत नाही, म्हणून बिनभोपळ्याचे पेटीसारखे चपटे तंबोरे निघाले. जुन्या पठडीचे लोक त्यांना नाके मुरडतात. मला तसे करवत नाही. त्या वाद्यांच्या विक्रीवर घर चालते आणि घर चालले तरच कोणी भोपळ्याच्या तंबोऱ्याला सवड काढतो. शिवाय त्या पेटीलाही घोडी असते आणि तिचीही जवारी लावावीच लागते. निव्वळ हौशीचे दोषही आहेत. कोरीवकामात रमून दिलेली तारीख वर्षभर टाळणारा कसबी माणूस गवयाच्या काही कामाचा नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचे अ‍ॅप यांना शिव्या देऊनही काही साधणार नाही. रियाझाला ते सोयीचे आहेत, पाऊस असो की उन्हाळा, सुरातून उतरत नाहीत. पण विद्यार्थ्याचा कान आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या जवारीवर तयार झाला की खऱ्या तंबोऱ्याची बिघडलेली जवारी त्याला ओळखू येत नाही. जे ओळखू येत नाही त्याचे पैसे तो का देईल? कारागिराचे नुकसान विक्री घटण्यापेक्षा इथे जास्त आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आनंद आहे. त्यातून नावाचे रक्षण होते, दुसरीकडे बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपवायला आळा बसू शकतो. मानांकनाने जवारीची मजुरी मात्र ठरत नाही. घरातली मुले दांडी कोरायला, पॉलिश करायला शिकतात, कारण त्याचा रोज मिळतो. जवारीचा कान तयार व्हायला वर्षे जातात आणि त्या वर्षांत हातात काही पडत नाही. मग मुलगा दुसरी नोकरी धरतो. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवतो. कारागिरांनी बिलात जवारीची ओळ वेगळी लिहावी आणि सहा महिन्यांनंतरच्या फेरजवारीचा दर आधीच सांगावा. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरेल, पण आपण कशाचे पैसे देतो ते त्याला प्रथमच कळेल. संगीत महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी वाद्यखरेदीच्या निविदेत नुसती उंची, लाकूड आणि नक्षी न लिहिता पट्टी लिहावी, तारा कोणत्या ते लिहावे आणि वाद्य ताब्यात घेताना गाणाऱ्या माणसाने किमान अर्धा तास ऐकून मगच सही करावी. खरेदीच्या रकमेबरोबर दरवर्षी दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद हवी. आज अनेक ठिकाणी नवा तंबोरा घ्यायला पैसे मंजूर होतात, जुन्याच्या जवारीला होत नाहीत, आणि चांगली वाद्ये गवसणीत पडून राहतात. शिकाऊ कारागिरांसाठी विद्यावेतन द्यायचे असेल तर ते जवारी शिकणाऱ्याला आधी द्यावे आणि किमान तीन वर्षे द्यावे.

घरी तंबोरा असणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. जवारीला वाद्य नेताना आपली पट्टी सांगा, तारा स्वतः बदलून नेऊ नका, आणि शक्य तर जो गाणार आहे त्याने सोबत जावे. खुंटी सरकत असेल तर तिला खडू लावा, जवारी बिघडली असे लगेच समजू नका. पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा दमट हवा ओढून घेतात, तबली किंचित उचलली जाते, आवाज बदलतो. त्या दिवसांत घाईने कानस मारून घेतली तर हिवाळ्यात हवा कोरडी झाल्यावर परत सगळे फिरते. दिवाळीपर्यंत थांबा, मग न्या. आणि काम झाल्यावर ‘किती द्यायचे?’ या प्रश्नाला ‘द्या काहीही’ असे उत्तर आले, तर त्या कसबी हाताच्या अर्ध्या दिवसाचा पूर्ण रोज मोजून द्या.

आपला,
वाद्यकामाशी संबंधित एक वाचक
(जि. सांगली)