वेळासच्या चित्रीकरणाला येणाऱ्यांसाठी

मंडळी, शनिवारी रात्री वेळासला मुक्काम, रविवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर. फ्लॅश, टॉर्च खोलीतच ठेवा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. मागच्या खेपेला आपल्यातल्याच एकाने क्लोजअपच्या नादात ट्रायपॉड थेट दोरीच्या आत रोवला होता. गावकरी काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पिल्लाला हात लावायचा नाही. ‘जरा मागे ठेवा, परत शॉट घेऊ’ तर अजिबात नाही.

आणि नुसती पिल्लं नकोत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून गावाला सोबत घेऊन कासवं वाचवायचं हे काम उभं केलं. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी घरट्यापाशी पोचून अंडी कुंपणात नेऊन पुरणारे ते वाळूने माखलेले हात टिपा. ड्रोन आणू नका. नावं गुरुवारपर्यंत कळवा, जेवणाचं सांगायचंय.