सरकीची लव आणि तोफेची दारू

संपादक महोदय,

युक्रेन युद्धात युरोपला तोफगोळे कमी पडले. त्यातल्या दारूसाठी लागणारी लिंटर, म्हणजे सरकीला चिकटलेली आखूड लव, तिकडे मोठ्या प्रमाणावर चीनमधून येते. हे वाचलं आणि आमच्या मानवतच्या जिनिंगमधले (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातले) सरकीचे ढीग डोळ्यांपुढे आले.

रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइनने 1846 मध्ये कापसापासून नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला स्फोटक कापूस, बनवलं. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने त्याची जवळजवळ बिनधुराची दारू केली. जुन्या काळ्या दारूपेक्षा तिचा जोर कितीतरी जास्त! आजही तोफेच्या दारूचा तोच पाया आहे. मात्र लवेतलं सेल्युलोज, म्हणजे तिच्या तंतूंचा मूळ पदार्थ, शुद्ध आणि एकसारखं नसेल, तर गोळ्याचा वेग कमी-जास्त होतो आणि नेम हुकतो. म्हणजे दारूची प्रत सुधारण्याचं काम शेतापासूनच सुरू होतं.

आपल्याकडे मात्र बरीचशी सरकी लवेसकट तेलाच्या घाण्यात जाते आणि लव पेंडीबरोबर जनावरांच्या पोटात. तोफांची दारू बनवणारी आयुध निर्माणी भंडाऱ्यात, स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने कापसाच्या वाणांनुसार लवेचा कस तपासावा आणि सरकारने जिनिंगवाल्यांना लव काढण्याच्या यंत्रांसाठी अनुदान द्यावं. लवेचे पैसे सरकीच्या भावात धरले गेले पाहिजेत, ही आमची मागणी आहे.

— एक कापूस उत्पादक, मानवत (जि. परभणी)