मनोरुग्णाचे सांगणे खरे माना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर-निपाणी भागात मानसिक आजार असलेला माणूस आपले दुखणे सांगताना बहुधा ‘छातीवर जाते ठेवल्यासारखे वाटते’, ‘डोक्यात मुंग्या फिरतात’ असेच बोलतो, कारण या दुखण्याला दाखवता येईल अशी जखम नसते. माझ्या धाकट्या भावाने छातीवरच्या ओझ्याची तक्रार केली, तेव्हा ईसीजी काढला, तो नॉर्मल आला आणि ‘काही झालेले नाही, कामाला लावा’ एवढ्यावर त्याची बोळवण झाली. नैराश्य पुष्कळदा छातीतला जडपणा, अंगदुखी, झोपमोड अशाच रूपांत दिसते, हे कोणी विचारातही घेतले नाही. मानसिक आजाराचे निदान झाल्यावर मात्र त्याची मुंग्यांची उपमा भ्रम ठरली आणि पोटात खरोखर कळा येत असताना ‘हेही मनाचेच’ म्हणून तपासणी टळली. हा दुसरा अविश्वास मला अधिक घातक वाटतो. ‘म्हणजे नेमके काय होते?’ असे सोबतच्या नातेवाइकाला नव्हे, तर रुग्णालाच शांतपणे विचारले, तर तो उपमा देतो आहे की त्याला खरेच तसे भासते आहे, हे बहुतेक वेळा उलगडते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ५ नुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते. बेळगाव जिल्ह्यातील तालुका रुग्णालयांत ही माहिती, ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकासह, कन्नडबरोबर मराठीतही लावावी, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, खानापूर