पूर्वपक्ष मांडण्यापूर्वी

मडगाव,
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

काल रात्री एकही शब्द न बोलता बाबा फोन आईच्या हाती देऊन उठून गेले, तेव्हाच मला कळले की देवळात कोणीतरी त्यांच्या कानावर ती गोष्ट घातली आहे. ती मी आधी सांगायला हवी होती. बाबांचा रक्तदाब चढेल या भीतीने मी ती गणपतीच्या चवथीनंतरवर ढकलत राहिले, आणि शेवटी ती तुम्हांला परक्या माणसाच्या तोंडून, अर्धवट ऐकावी लागली. याबद्दल मी तुमची मनापासून क्षमा मागते.

मी नास्तिक झालेली नाही. आमच्या अभ्यासमंडळात आम्ही सातआठ जण आहोत, सगळे देव मानणारे, त्यांत दोन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ईश्वर नाही असे म्हणणाऱ्यांचा पक्ष, म्हणजे वादातला पूर्वपक्ष, त्यांच्याइतक्याच ताकदीने मांडून पाहायचा, असे आम्ही ठरवले आहे. चवथीनंतरच्या दुसऱ्या रविवारी तो मांडण्याचे काम मी स्वीकारले आहे आणि आता मी मागे फिरणार नाही. बाबा, हे तुम्हांला न विचारता ठरवले, पण तुमच्याविरुद्ध ठरवलेले नाही. कीर्तनात मी तुमच्या मांडीवर झोपत असे आणि बुवांनी "आता येथे कोणी आक्षेप घेईल की" असे म्हटले की दर वेळी जागी होत असे, हे तुम्हीच सगळ्यांना कौतुकाने सांगत आला आहात. मला तो आक्षेप तेव्हापासून ऐकायचा आहे.

तयारीला बसल्यावर पहिला धक्का आपल्याच घरातून बसला. मला वाटले होते की चार्वाकांपासून सुरुवात करावी. पण त्यांच्याहून कठीण प्रश्न सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी विचारलेले आहेत, आणि ते तर वेद प्रमाण मानणारे, यज्ञकर्माचे कट्टर रक्षक. ते विचारतात, ईश्वराने करुणेपोटी सृष्टी निर्माण केली म्हणता, तर सृष्टीपूर्वी जीवच नव्हते, मग करुणा कोणाची आली? आणि करुणाच प्रेरक असती तर त्याने केवळ सुखच निर्माण केले नसते का? हे वाचून मी रात्री बराच वेळ गॅलरीत उभी होते. ज्यांनी हे विचारले त्यांना आपल्या परंपरेने वाळीत टाकले नाही, आचार्य म्हणून मानले.

ब्रह्मसूत्रांत याचे उत्तर आहे. ईश्वर पक्षपाती नाही आणि निर्दयही नाही, कारण तो जिवांच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य तेथे पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, भात उगवेल की जव हे बियाण्यावर ठरते. बाबा, तुम्ही हे उत्तर मला बांधावर उभे राहून समजावले होते आणि तर्क म्हणून मी आजही ते भक्कम मानते. पण पुढचे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो. आई, हे वाचू नये असे तुला वाटले तर पुढचा परिच्छेद बाबांना एकट्यांना वाचू दे.

माझा भाऊ, आपला भाई, गेला त्या वर्षी देवाला लावलेला कौल उजवा, म्हणजे अनुकूल, झाला होता. त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या तापाला मागच्या जन्मातले त्याचे कर्म कारण, असे मी आईच्या तोंडावर कधीही म्हणू शकणार नाही, आणि जे उत्तर मी आईसमोर उच्चारू शकत नाही ते मंडळात ठामपणे कसे उच्चारू? नास्तिकाचा सर्वांत बळकट युक्तिवाद मला येथे दिसतो. दुःखाचा उगम सांगता येईल, पण ज्याला ते भोगावे लागले त्याला ते न्याय्य होते असे सांगण्याचे धैर्य होत नाही. तुमचे काही चुकले होते असे मी म्हणत नाही. तुम्ही दोघांनी जे केले त्यापेक्षा जास्त कोणतेही आईबाप करू शकले नसते.

या प्रश्नाला धर्माची सीमा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने कोसळली आणि मागोमाग समुद्र आत आला, आगी लागल्या. आजोबा म्हणत की आपली देवळे पाडणाऱ्या पोर्तुगिजांना तो दंड मिळाला. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला ते पटत नाही. देवळे पाडण्याचे हुकूम सोळाव्या शतकातले, आणि त्या सकाळी चर्चमध्ये आईचा हात धरून उभ्या असलेल्या मुलांनी गोवा पाहिलेलाही नव्हता.

आपल्या गोव्याने दिलेला आणखी एक प्रश्न आहे. देवळे पाडली जात असताना मंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून आणि शांतादुर्गेची केळशीहून झुआरी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आली, तेव्हा एकाच घरातला एक भाऊ मूर्तीबरोबर निघाला आणि दुसरा मागे राहून बाटला, असे कितीतरी कुळांत सांगतात. आज दोघांचेही वंशज आपापल्या देवाबद्दल सारखेच निःशंक आहेत. मग आपली श्रद्धा सत्यामुळे आहे की कोण नदी ओलांडून गेला त्यामुळे? माझ्याजवळ याचे पूर्ण उत्तर नाही. आणि ज्याला स्वतःचे देऊळ राखता आले नाही तो भक्ताला काय राखणार, असे कोणी विचारले तर तुमचेच वाक्य मी सांगणार आहे, की रात्री होडीत मूर्ती उराशी धरून बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडला नसेल असे समजू नये, त्याला तो पडला आणि तरीही तो वल्हवत राहिला.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे उकरायचे कशाला? कारण माझ्या मुलीने मागच्या महिन्यात भाईच्या फोटोकडे पाहून मला पहिला प्रश्न विचारला, आणि घाईघाईने दिलेले माझे उत्तर तिला पटले नाही हे तिच्या डोळ्यांत दिसले. तिला हे प्रश्न बाहेर कोठेतरी, श्रद्धेची टवाळी करणाऱ्याकडून पहिल्यांदा ऐकू यावेत असे मला वाटत नाही. ते देवघरासमोर, आईकडून ऐकू यावेत.

बाबा, उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी संपूर्ण न्यायकुसुमांजली लिहिली, नास्तिकांचे एकेक म्हणणे खोडून काढले, आणि अखेरीस देवाला विनवले की इतके सांगूनही ज्यांच्या मनात तू शिरत नाहीस ते दगडाच्या काळजाचे खरे, पण विरोध करतानाही ते तुझेच चिंतन करत असतात, तेव्हा हे करुणामया, योग्य वेळी तूच त्यांना तार. हा श्लोक मी वहीत उतरवून ठेवला आहे. चवथीला आले की तुमच्याकडून नीट म्हणून घेईन, माझे उच्चार चुकतात.

घरात काहीही बदलणार नाही. आमचा सोमवार शिवराकच (शाकाहारी) असतो, श्रावणातल्या आयताराची, रविवारची, पूजा चालू आहे, आणि पातोळ्यांना हळदीची पाने खालच्या बाजारात चांगली मिळाली. चवथीच्या दोन दिवस आधी आम्ही येऊ. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड सगळे मी आणीन. बाबांनी यंदा स्टुलावर चढायचे नाही, माटोळी जावईच बांधतील, बाबांनी खाली खुर्चीवर बसून सांगायचे. आई, गुडघ्याचे तेल संपले असेल तर आजच कळव. ओल्या पायऱ्यांवरून पहाटे फुलांना जाऊ नकोस. रक्तदाबाची गोळी बाबांनी रागाच्या भरात चुकवलेली नाही ना, हे पाकीट उघडून मोजून बघ आणि मला आकडा सांग.

आणि बाबा, त्या रविवारी तुम्ही यावे अशी माझी इच्छा आहे. न्यायला गाडी येईल, पाठ टेकायला चांगली खुर्ची असेल, पेज आणि लोणचे घरचेच असेल. माझे बोलून झाल्यावर उत्तरपक्ष कोणी मांडायचा हे अजून ठरलेले नाही. मी तुमचे नाव सुचवलेले आहे.

तुमची,
बाय