खर्रा, मिटत चाललेलं तोंड आणि जबड्याचं एक हाड

महोदय,

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेलं चघळायचं मिश्रण. त्याच्या बातम्यांत कर्करोगाचा उल्लेख असतो आणि तो हवाच. पण कर्करोगाच्या कितीतरी आधी तोंड हळूहळू मिटत जातं, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यात जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. पंचविशीतला मुलगा येतो, म्हणतो, ‘डॉक्टर, तिखट बिलकुल चालत नाही अन् पोळीचा घास आत जात नाही.’ गालाच्या आतून बोट फिरवलं की दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. पट्टीने मोजलं तर वरच्या-खालच्या दातांत जेमतेम १५ मिलिमीटर. निरोगी माणसाचं तोंड ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी मावतात.

असे पट्टे कापूनही तोंड पुरतं उघडत नाही, तेव्हा आड येतं ते कोरोनॉइड. खालच्या जबड्याचा मागचा उभा भाग वर जाऊन दोन टोकांत फुटतो. मागचं टोक कानापुढच्या सांध्यात बसतं. पुढचं चपटं, त्रिकोणी टोक म्हणजे कोरोनॉइड. कानशिलावरचा चावण्याचा स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीखालून उतरून याच टोकाला चिकटतो. (दात घट्ट आवळून कानशिलावर बोटं ठेवा, तो फुगलेला लागेल.) तोंड उघडताना हे टोक खाली आणि पुढे सरकायला हवं, आखडलेला स्नायू ते वरच धरून ठेवतो. म्हणून तोंडातूनच छेद घेऊन दोन्ही बाजूंची टोकं कापावी लागतात. सांधा शाबूत राहतो, चावण्याचे बाकीचे स्नायूही, त्यामुळे जेवण अडत नाही. खरी कसोटी भूलतज्ज्ञांची. तोंडच उघडत नसल्याने श्वासनळीतली नळी नाकातून, दुर्बिणीने घालायची, तीही बरेचदा रुग्ण जागा असताना.

नंतर कित्येक महिने तोंड ताणण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. ते दुखतात, म्हणून मुलं सोडून देतात आणि तोंड पुन्हा आवळतं. काही जण अभिमानाने सांगतात, ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी.’ हा आजार मुळात सुपारीचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवलं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटणं चालूच आहे.

शाळा-कॉलेजांच्या आरोग्य तपासणीत मुलांना तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगावं आणि मोजमाप कार्डावर लिहावं, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. दोनच बोटं मावणारा मुलगा त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवावा.

– एक मुखशल्यचिकित्सक, चंद्रपूर